आयसीयूत सेप्सिसचा पेशंट : ड्यूटीवर या चुका टाळा

बीपी पडलं की सगळे धावतात. सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव बिघडू लागतात तेव्हा) मात्र तोवर बराच वेळ हातचा गेलेला असतो. त्याआधी श्वास वाढतो, आणि चार्टवर सर्वात आळसाने भरला जाणारा आकडा नेमका तोच: दर तासाला २०, २०, २०. पेशंट व्हेंटिलेटरवर नसेल तर छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. २२ किंवा जास्त भरला की डॉक्टरांना कळवा, बीपी १३० असलं तरी.

दुसरी चूक खास आपल्या बेळगाव भागातली. खानापूर-निपाणीकडची आजी मराठी बोलणार, सिस्टर कन्नड किंवा मल्याळम. "निम्म हेसरु एनु?" ला उत्तर आलं नाही की चार्टवर 'कन्फ्युज्ड'. याहून वाईट म्हणजे खरोखर बरळणारी आजी 'भाषा कळत नाही' म्हणून सुटून जाते. मराठी येणाऱ्या कुणाला तरी, अगदी मावशींनाही, बोलवा आणि विचारा, "आजी, आत्ता सकाळ आहे की रात्र?" मुलगा म्हणाला, "कालपर्यंत नीट बोलत होती, आज मला ओळखत नाही," तर ते वाक्य वेळेसह नोट्समध्ये जायला हवं.

रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांहून, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. पण शीर सापडत नाही म्हणून डोस अडवू नका. शॉकमध्ये (सेप्सिसने बीपी कोसळलं असताना) अँटिबायोटिक तासाभराच्या आत जायला हवं, आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत उभा असतो तेव्हाही घड्याळ चालूच असतं. पहिला डोस वॉर्डच्या स्टॉकमधून द्यायची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

नॉरअ‍ॅड्रेनलीनच्या (बीपी टिकवणाऱ्या औषधाच्या) लाईनमधून अँटिबायोटिक किंवा फ्लश (नळी धुवायचं सलाईन) कधीच देऊ नका. नळीत उरलेलं औषध एकदम आत जातं, बीपी उसळतं, मग कोसळतं. सिरिंज संपत आली की दुसरी भरून तयार ठेवा. पंप ओरडल्यावर शोधाशोध नको. औषध हाताच्या शिरेतून चालू असेल तर पट्टीखालची कातडी वारंवार बघा. पांढरी, गार किंवा दुखरी वाटली तर तिथलं ताबडतोब थांबवून दुसरी लाईन घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

लघवी शिफ्टच्या शेवटी नव्हे, दर तासाला मोजा. ५० किलोच्या पेशंटला तासाला २५ मिलीच्या खाली गेली तर आधी नळी मुडपली आहे का ते बघा, मग कळवा. आणि बोटं थंडगार असताना ग्लुकोमीटरवर भरवसा नको. आर्टेरियल लाईन (धमनीत घातलेली नळी) असेल तर शुगर तिथूनच तपासा.