ताई चीत उभं कसं राहावं: आधी पाय, मग हात

मोबाइलवर पाहून ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, शिकायला लागलं की नजर हातांवरच खिळते. माझंही तेच झालं. महिनाभर हात झकास फिरवले, गुडघे मात्र व्हिडिओतल्या पंचविशीतल्या पोराइतके वाकवले. मग तीन आठवडे ओट्यावरून उतरताना भिंत धरावी लागली. तेव्हा सगळं सोडून परत पहिल्यापासून सुरुवात केली, म्हणजे नुसतं उभं राहण्यापासून.

ही कला सतराव्या शतकात चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या खेड्यात आकाराला आली. नवशिक्यांना आज बहुतेक ठिकाणी शिकवतात तो २४ हालचालींचा सोपा संच १९५६ साली ताई चीच्या यांग नावाच्या शैलीवरून बसवलेला आहे. खालचं सगळं त्या संचाला धरून आहे.

जागा आणि वेळ

सपाट अंगण, अनवाणी किंवा सपाट तळव्याचा बूट, बस. ओली फरशी नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हं वर यायच्या आत उरकावं. पावसाळ्यात ओसरी पुरते. गुडघ्याचं जुनं दुखणं, चक्कर किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि बाजूला खुर्ची ठेवा.

नुसतं उभं राहा

याला वूजी म्हणतात. शाळेच्या कवायतीत आपल्याला ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ एवढंच शिकवलं. हे दोन्ही नाही. पाय खांद्याइतके लांब, बोटं समोर. गुडघे ताठ लावू नका, कुलूप काढल्यासारखे जरासे ढिले सोडा. वजन टाचेवरही नको आणि चवड्यावरही नको, अख्ख्या तळव्यावर पसरू द्या.

आता कंबर. बाजेच्या काठावर टेकायला निघालो आणि टेकायच्या आधीच थांबलो, असं समजा. जांघेत हलकी घडी पडते, माकडहाड खाली लोंबतं आणि कमरेतला बाक कमी होतो. ढुंगण मुद्दाम आत दाबू नका, त्यानं मांड्या आखडतात.

मानेसाठी आपल्या बायाबापड्यांकडे पाहा. डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याचा गुंड आणणारी बाई हनुवटी पुढे काढत नाही, मान लांब आणि नजर समोर ठेवते. तीच मान हवी. फरक एवढाच की इथे डोक्यावर ओझं नाही, उलट टाळूला दोरी बांधून कुणी वर ओढतंय असं धरायचं. यांग चेंगफू (१८८३–१९३६) या उस्तादांच्या दहा नियमांत पहिला नियम डोक्याचाच आहे. छाती फुगवायची नाही, खांदे खाली सोडायचे, कोपरही खाली. श्वास रोखायचा नाही.

सुरुवातीला दोन मिनिटं पुरे. हळूहळू दहापर्यंत न्या. पहिल्या आठवड्यात शेजारच्या मावशी फाटकातून ओरडल्या, ‘‘काऊन जी, पाय गाडले का तुमचे?’’ मनात म्हटलं, जमत आलं वाटते!

वजन सरकवणं

खरा अभ्यास इथे आहे, आणि तो तुम्हाला येतो. जुलैत पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या वावरात कसं चालता? पाऊल आधी अलगद टेकवता, घसरतं की रुततं ते पाहता आणि मगच अंग त्यावर टाकता. मागचा पाय तोवर सगळं वजन धरून असतो. ताई चीतलं प्रत्येक पाऊल असंच. एक पाय भरलेला, एक रिकामा. दोन्हींवर अर्धं-अर्धं वजन अडकलं की पुढचं पाऊल उचलतच नाही.

सराव असा: वूजीतून सगळं वजन उजव्या पायावर न्या, डावी टाच उचलून पाहा. ती झटक्याशिवाय उचलली पाहिजे. झटका लागला म्हणजे वजन तिथे उरलंय. बाजू बदलून दहा-दहा वेळा करा.

पुढचं पाऊल

यातल्या मुख्य पवित्र्याला गोंग बू म्हणतात, म्हणजे धनुष्याची पावलं. अंगणात रांगोळीनं खांद्याच्या रुंदीवर दोन समांतर रेघा ओढा. डावा पाय डाव्या रेघेवर पुढे, उजवा उजव्या रेघेवर मागे. नवशिके दोन्ही पाय एकाच रेघेवर ठेवतात, धुऱ्यावरून चालल्यासारखे, आणि मग डुलतात. पुढची टाच आधी टेकवा, मग तळवा, मग वजन. साधारण ७० टक्के वजन पुढे, उरलेलं मागे. मागचं पाऊल ४५ अंशांत बाहेर वळलेलं.

पुढचा गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका. तो बोटांच्या दिशेनंच वाकला पाहिजे, आत पडता कामा नये. माझे गुडघे दुखले ते याच चुकीनं. वजन पायावर असताना मी अंग वळवत होतो, पाऊल जमिनीला चिकटलेलं आणि पीळ सगळा गुडघ्यात. वळायचं ते जांघेतून. पाऊल वळवायचं असेल तर आधी त्यावरचं वजन कमी करा. आणि खोल बसायची हौस सोडा, उंच पवित्रा अगदी चालतो.

चूक दिसणार कशी?

आरसा लागत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ऊन एका बाजूला आणि चुन्याची भिंत दुसऱ्या बाजूला ठेवून वूजीत उभे राहा, आणि पोराला कोळशानं सावलीची कड ओढायला लावा. मान वळवून स्वतः पाहू नका, उभं राहणंच बिघडतं. माझ्या पहिल्या रेघेत हनुवटी पुढे, छाती बाहेर आणि कमरेत एवढा खड्डा, की पोरगं म्हणालं, ‘‘बाबा, बदक काढलं का मी?’’ महिन्यानं सावली साधारण तेवढीच लांब पडते अशा वेळी त्याच जागेवर दुसरी रेघ काढली, कमरेतला खड्डा दोन बोटं भरला होता. हनुवटी अजून तिथेच. दिवाळीआधी भिंतीला चुना मारला तेव्हा दोन्ही रेघा त्याखाली गेल्या, आता कापूस वेचणीतून सवड मिळाली की नवी काढायची आहे.