तावला: पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे आणि छत्तीस दानं

१९९८ च्या जुलैत आमचं जहाज इस्तंबूलजवळ तुझला इथल्या ड्रायडॉकला चढवलं होतं. मी सेकंड इंजिनियर. दिवसभर टेलशाफ्ट आणि व्हॉल्व्हची कामं, संध्याकाळी करायला काही नाही. यार्डाच्या गेटसमोर एक चहावाला होता. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून बिनदुधाचा चहा, आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर एक लाकडी पेटी उघडी पडलेली. पेटीत सोंगट्या. फासे लाकडावर आपटल्याचा आवाज आणि पाठोपाठ आरोळी, ‘शेश-बेश!’ नाहीतर ‘दू-शेश!’ पहिल्या संध्याकाळी मी तीन डाव हरलो आणि तिन्ही वेळा टेबलाच्या चहाचे पैसे दिले. तुर्की लिरावरची सहा शून्यं २००५ साली उडवली, त्याआधीची ही गोष्ट, त्यामुळे लाखांत हरलो असं मी अजूनही अभिमानाने सांगतो.

हाच खेळ जगभर बॅकगॅमन म्हणून ओळखतात. तुर्कस्तानात तो तावला, इराणात नर्द. एका जुन्या पहलवी (जुन्या इराणी भाषेतल्या) ग्रंथात गोष्ट आहे की हिंदुस्थानच्या राजाने इराणचा बादशहा खुस्रो अनुशीरवान याला कोडं म्हणून बुद्धिबळ पाठवलं, आणि त्याच्या वजिराने, बुजुर्गमिहरने, ते तर सोडवलंच, वर परतफेड म्हणून नर्द रचून पाठवला. सोंगट्या तीस, कारण महिन्याचे दिवस तीस. गोष्टच ती, पण आमच्या घरात ती खरी धरतात. कारण पुढे सांगतो.

आधी पट. विकतच घ्यायला हवा असं नाही. चार्ट पेपरवर वरच्या कडेला १२ आणि खालच्या कडेला १२ उभे त्रिकोण काढा, टोकं मधल्या बाजूला. सहा त्रिकोणांनंतर मधोमध एक उभी पट्टी सोडा. झाले २४ त्रिकोण, म्हणजे २४ घरं, सहा-सहाचे चार भाग. त्रिकोणाचा पाया सोंगटीपेक्षा थोडा रुंद ठेवा. सोंगट्या प्रत्येकी १५ लागतात. कॅरमच्या एका डब्यात काळ्या-पांढऱ्या नऊ-नऊच असतात, म्हणून दोन डबे एकत्र करावे लागतील. जहाजावर आम्ही पितळेचे १५ आणि लोखंडाचे १५ वॉशर वापरायचो. जहाज डोललं की सगळा डाव घसरायचा, म्हणून पटाखाली गॅस्केटचं रबर चिकटवलं होतं.

फासे मात्र घरी करू नका. आमच्या फिटरने हौसेने पितळी दांड्यातून लेथवर दोन फासे काढले आणि ठिपक्यांच्या जागी ड्रिलने चांगली खोल भोकं पाडली. दिसायला झकास. दोन रात्रींत माझ्या लक्षात आलं की सहा जरा जास्तच पडतोय. मग एक फासा १२० वेळा टाकून मी इंजिनरूमच्या वहीत नोंदी केल्या. सहा यायला हवा होता वीसेक वेळा, आला ३१ वेळा. कारण सोपं आहे. चांगल्या फाश्यात समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, म्हणजे सहाच्या पाठीला एक. सहाच्या बाजूला सहा भोकं पडल्याने ती हलकी झाली, एकाची बाजू जड राहिली, जड बाजू खाली बसली आणि सहा वर आला. ल्यूडोच्या डब्यातले साधे प्लास्टिकचे फासे पुरतात. दोन्ही एकाच मापाचे घ्या, म्हणजे झालं.

आता मांडणी. पट समोर ठेवून बसा. तुमच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं घर १. तिथून डावीकडे मोजत जा: उजव्या भागात १ ते ६, पट्टी ओलांडून ७ ते १२. मग वर चढा, डाव्या वरच्या कोपऱ्यात १३, आणि उजवीकडे येत वरच्या उजव्या कोपऱ्यात २४. तुमच्या सोंगट्या अशा ठेवा: २४ वर दोन, १३ वर पाच, ८ वर तीन, ६ वर पाच. समोरचा खेळाडू तुमच्या आरशातल्यासारखा मांडतो. त्याच्या सोंगट्या तुमच्या हिशेबाने कुठे येतात ते बघायचं तर २५ मधून वजा करा: १ वर दोन, १२ वर पाच, १७ वर तीन, १९ वर पाच. तुम्ही २४ कडून १ कडे चालता, तो उलट. एकेक त्रिकोण हे घर असलं तरी ‘आपलं घर’ म्हणजे सहा त्रिकोणांचा अख्खा भाग: तुमचं घर खालचे उजवे सहा, त्याचं घर वरचे उजवे सहा. सगळ्या सोंगट्या आपल्या घरात आणून पटाबाहेर काढणारा पहिला जिंकला.

सुरुवात कोणाची? दोघांनी एकेक फासा टाकायचा, मोठा आकडा ज्याचा त्याची पहिली चाल, आणि तेच दोन आकडे त्याने खेळायचे. सारखे पडले तर पुन्हा. पुढे प्रत्येक जण दोन्ही फासे टाकतो. दोन आकडे म्हणजे दोन स्वतंत्र चाली. ५ आणि ३ पडले तर एक सोंगटी पाच आणि दुसरी तीन, किंवा एकच सोंगटी आधी पाच मग तीन (नाहीतर आधी तीन मग पाच), पण मधलं घर तिला मोकळं हवं. जोडी पडली, समजा ४-४, तर चार वेळा चार. दोन्ही आकडे खेळता येत असतील तर खेळलेच पाहिजेत. दोन्हींपैकी कुठला तरी एकच शक्य असेल तर मोठा खेळायचा. फासा तिरका टेकला किंवा पटाबाहेर गेला तर दान बाद, दोन्ही फासे पुन्हा. इथे अगदी घरच्या माणसालाही सूट देऊ नका, भांडणं याच्यावरूनच होतात.

समोरच्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या असलेल्या घरात तुम्हाला टेकता येत नाही. तुर्क अशा घराला ‘दार’ म्हणतात. एकच सोंगटी असेल तर तिच्यावर टेकून तिला मारता येतं. मेलेली सोंगटी मधल्या पट्टीवर जाते. ती परत पटावर येईपर्यंत त्या खेळाडूला दुसरं काही हलवता येत नाही, आणि यायचं ते समोरच्याच्या घरातून: १ पडला तर तुमच्या हिशेबाने २४ व्या घरात, २ पडला तर २३ व्या, असं.

सुट्टीवर घरी आलो आणि हिला हे सांगू लागलो. निम्मं सांगून होण्याआधीच ती म्हणाली, “अहो, म्हणजे हे जुगच की!” राजापूरकडची ती, पावसाळ्यात माजघरात कापडी सारीपाट खेळत वाढलेली. सारीपाटात दोन सोंगट्या एका घरात बसल्या की जुग, ते मारता येत नाही. तिची आजी सोंगटीला ‘नरद’ म्हणायची. नर्द आणि नरद ऐकल्यावर बुजुर्गमिहरची गोष्ट आमच्या घरात खरी ठरली, पुरावा मागायचं धाडस मला झालं नाही. तिने मला त्या संध्याकाळी दोनदा हरवलं.

ज्यांच्या बोटांत सारीपाट नाही, त्यांच्यासाठी खेळाचा गाभा सांगतो. नवशिका फासे हातात घेऊन सहा मागतो. मागून मिळत नाही. दोन फाश्यांची दानं ३६ असतात, कारण पहिल्याच्या सहा आकड्यांपैकी प्रत्येकासोबत दुसऱ्याचे सहा. ३-१ दोन प्रकारे पडतं (पहिला ३ दुसरा १, किंवा उलट), ३-३ मात्र एकाच प्रकारे. एवढं कळलं की प्रत्येक चालीआधी एकच हिशेब करायचा: माझी एकटी सोंगटी उघडी पडली, तर समोरच्याची किती दानं तिला मारतात?

समजा तुमची सोंगटी त्याच्या सोंगटीपासून सहा घरांवर आहे आणि मध्ये दार नाही. कुठल्याही फाश्यावर सहा आलेली दानं ११. ५-१ ची दोन, ४-२ ची दोन, ३-३ चं एक, आणि २-२ चं एक, कारण जोडीत दोन तीनदा चालले की सहा. एकूण १७. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा मेलात. आता तीच सोंगटी एक घर लांब, सातावर ठेवा. ६-१, ५-२, ४-३, प्रत्येकाची दोन, एकूण सहा. एका घराच्या फरकाने १७ ची सहा झाली! मी हे आमच्या नातीला कागदावर ३६ चौकोन काढून रंगवायला लावलं, तेव्हा ती म्हणाली, “आबा, मग मी सहावर कधी थांबणारच नाही.” नऊ वर्षांची आहे. तुझल्यात त्या चहावाल्याकडे खेळणाऱ्या वेल्डरला हे ३६ चौकोन कधी काढावे लागले नसतील, पण त्याचा हात ते जाणत होता.

अगदी जवळ थांबायचं तर एका घरावर बरं, तिथे ११ दानं मारतात. दोनावर १२, तिनावर १४, चार आणि पाचावर १५-१५, मग सहाचा कडेलोट. म्हणून सोंगटी उघडी टाकावीच लागली तर शक्यतो सातापलीकडे टाका, नाहीतर नाकासमोर.

पहिल्या चाली पाठ करून ठेवायला हरकत नाही, त्या सोप्या आहेत. ३-१ पडलं तर ८ वरची एक आणि ६ वरची एक अशा दोन्ही ५ व्या घरात आणा. याहून चांगली सुरुवात नाही, पाचवं घर लवकर हातात येणं म्हणजे अर्धा किल्ला बांधून झाला. ६-१ ला १३ वरून एक आणि ८ वरून एक, दोन्ही ७ वर. ४-२ ला ८ आणि ६ वरून ४ वर. ६-५, म्हणजे त्यांचं शेश-बेश, पडलं तर मागे अडकलेल्या दोघांपैकी एकीला २४ वरून थेट १३ वर पळवा.

दानांची ही नावं फारसी-तुर्की मिसळीची आहेत आणि मराठी कानाला परकी वाटत नाहीत: येक, दू, से, चहार, पंच, शेश. फक्त पाच कधी ‘पंच’ तर कधी तुर्की ‘बेश’. ३-१ ला ‘से-येक’, ६-६ ला ‘दू-शेश’. एखाद्याला डोळ्यांसमोरचं नीट दिसलं नाही, की तुर्क म्हणतात त्याने ‘शेशला बेश पाहिलं’.

मारणं मजेचं असतं, पण मेलेल्याला आत यायला किती जागा ठेवली आहे हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या घरातल्या सहापैकी तीन घरांना दारं लागली असतील, तर तो चारांतून एकदाच अडकतो (३६ पैकी ९). पाच लागली असतील तर ३६ पैकी २५ वेळा अडकतो, आणि तुम्ही निवांत खेळत राहता. म्हणून मारामारी सुरू करण्याआधी घर बांधा. त्या चहावाल्याकडे आणखी एक नियम होता: आपल्या घरात एकटीला मारून त्याच चालीत त्याच सोंगटीने पुढे पळायचं नाही. मी हा नियम घरी ठेवला आहे, डाव अधिक चुरशीचा होतो. पण खेळायला बसण्याआधी ठरवून घ्या.

दोघांच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या की पुढे निव्वळ शर्यत. सुरुवातीला प्रत्येकाला एकूण १६७ घरं चालायची असतात (२४ चे दोन, १३ चे पाच, ८ चे तीन, ६ चे पाच, करून बघा). जोड्या धरून एका दानाची सरासरी आठाच्या थोडी वर पडते. उरलेली घरं मोजा. तुमची कमी असतील तर पळा, जास्त असतील तर मागची जोडी सोडू नका, शेवटची आशा तिच्यावरच असते.

पंधराही सोंगट्या आपल्या घरात आल्या की काढायला सुरुवात. ५ पडला तर पाचव्या घरातली एक बाहेर. त्या घरात नसेल आणि वरच्या (म्हणजे मोठ्या आकड्याच्या) घरात असेल तर ती पाच चालवायची. वरही काही नसेल तर जी सर्वांत वरची उरली ती बाहेर. मधेच सोंगटी मारली गेली, तर ती फिरून घरात येईपर्यंत काढणं बंद. समोरच्याने एकही सोंगटी बाहेर काढण्याआधी तुमच्या पंधराही निघाल्या तर तो ‘मार्स’, डावाचे दोन गुण. साधी जीत एक गुण. पाच गुणांपर्यंत खेळलात तर संध्याकाळ छान जाते.

आणि हरलेल्याचं काय? तुझल्यात पेटी मिटून ती हरलेल्याच्या बगलेत अडकवून देतात, जा बाबा शिकून ये म्हणून. तिसऱ्या रात्री मी ती तशीच बगलेत घेऊन जहाजाच्या शिडीवर चढलो, आणि वरून चीफ इंजिनियर साहेबांनी विचारलं, “काय रे, यार्डातून काय उचलून आणलंस?”