जुनी डिझेल हॅचबॅक बघायला सकाळीच जा

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी आपल्याकडे जळगाव-धुळ्यात जुन्या डिझेल स्विफ्टला अजून गिऱ्हाईक आहे. "एक नंबर से, भाऊ" हे प्रत्येक विकणारा सांगतो. तुम्ही मात्र इंजिनाचंच ऐका, तेही ते गार असताना.

म्हणून सकाळी सातला जा. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. मी माझी पहिली डिझेल मे महिन्यात, भर दुपारी बघून घेतली होती. ४४ अंशांत ती एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि मी खूश. डिसेंबर उजाडला तेव्हा शेजारी माझ्या सेल्फच्या आवाजाने उठायला लागले. गार इंजिनाला सुरू होताना ऊब देणारे ग्लो प्लग गेलेले, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद, उतरलेलं. खान्देशातल्या उन्हाळ्यात हा आजार दिसतच नाही, त्यामुळे जमलं तर खरेदी थंडीतच करा.

गाडी सुरू करताना सोबतच्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. थोडा धूर येऊन थांबला तर ठीक. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जात असेल किंवा इंजेक्टर बिघडले असतील. रेस दिल्यावर काळे लोट आले तर इंजेक्टर, टर्बो, नाहीतर नुसता चोंदलेला एअर फिल्टर. स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनात टायमिंग चेन असते. गार इंजिनात सुरुवातीला खडखड आली तर चेन मिस्त्रीला दाखवा.

आता इंजिन चालू ठेवूनच ऑईल भरायचं झाकण काढा आणि त्याच तोंडावर उलटं, नुसतं टेकवून ठेवा. थरथरलं तर चालेल. उडून पडलं, किंवा तिथून धुराचा फवारा येत राहिला, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. मग भाव पाडण्यापेक्षा गाडी सोडलेली बरी. डिपस्टिकवरचं ऑईल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑईल लवकर काळं होतंच. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र थेट घरी या.

ट्रायल गावातल्या गावात घेऊ नका. चाळीसगावकडून कन्नडचा घाट, धुळेकरांना लळिंगचा. एसी लावा, चार माणसं बसवा आणि तिसऱ्या गिअरमध्ये चढा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. तापमानाचा काटा वर सरकला तर रेडिएटर, पंखा आणि हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे बोलू नका.

मीटरवर माझा विश्वास नाही. डिझेल घेणारा माणूस रोज फिरण्यासाठीच घेतो. आठ वर्षांत चाळीस हजार किलोमीटर दिसले तर सर्व्हिसची बिलं मागा आणि ब्रेक पेडलचं रबर किती घासलंय ते बघा. दाराचं रबर थोडं ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहा. एका बाजूचे गोल, सारखे आणि दुसऱ्या बाजूचे वेडेवाकडे असतील तर गाडी ठोकलेली आहे.

कागदपत्रांत चेसिस नंबर स्वतः जुळवा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे येतात. तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांचा खर्च धरून भाव करा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं असलं तरी तो आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत विसारापलीकडे पैसे देऊ नका.