पार्सल आलंच नाही, पण ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’? रिफंड अडकवणाऱ्या या चुका टाळा

मोबाईलवर मेसेज येतो: तुमचं पार्सल पोहोचलं. दारात काही नाही, शेजाऱ्यांकडे काही नाही, घरातही कुणी घेतलेलं नाही. अशा वेळी पैसे परत मिळू शकतात. मात्र पहिल्या दोन-चार दिवसांत आपण काय करतो, यावर बरंच अवलंबून असतं, आणि नेमके तेच दिवस लोक फोनवर वाद घालण्यात घालवतात.

‘डिलिव्हर्ड’ ही नोंद म्हणजे कुणीतरी आपल्या हातातल्या स्कॅनरवर किंवा अॅपमध्ये एक बटण दाबलेलं असतं. तिच्यावरून पार्सल कुणाच्या हातात गेलं ते कळत नाही. वेळेत काम उरकल्याचं दिसावं म्हणून काही वेळा पार्सल गाडीत असतानाच ही नोंद होते आणि वस्तू संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येते. म्हणून एखादा दिवस वाट पाहायला हरकत नाही. पण तक्रार नोंदवून, तिचा नंबर हातात घेऊन मग वाट पाहा. बऱ्याच अॅपमध्ये ‘पार्सल मिळालं नाही’ हा पर्याय ठरावीक दिवसच दिसतो. तो दिसेनासा झाला की कस्टमर केअरशी घासाघीस करत बसावं लागतं. तक्रार करून ठेवली आणि पार्सल आलं, तर ती मागे घेता येते.

‘रिटर्न’ दाबू नका

ही चूक मला सर्वांत नुकसानीची वाटते, कारण ती अगदी सहज घडते. पैसे परत हवेत म्हणून माणूस ऑर्डरवर जातो, तिथे ‘रिटर्न’ ठळक दिसतं आणि तो ते दाबतो. ‘रिटर्न’चा अर्थच असा, की वस्तू तुम्हाला मिळाली आणि तुम्ही ती परत करताय. मग पिकअपला माणूस येतो, त्याला द्यायला तुमच्याकडे काही नसतं, आणि ‘ग्राहकाने वस्तू दिली नाही’ म्हणून विनंती बंद होते. वर तुमच्या खात्यावर एक विसंगत नोंद राहते ती वेगळीच. नेमका पर्याय सापडत नसेल तर चॅट उघडा आणि सरळ लिहा. ‘वस्तू खराब आली’, ‘चुकीची आली’ असली जवळपासची कारणंही निवडू नका.

ऑर्डर दोन-तीन खोक्यांत विभागून निघाली आहे का, हेही आधी पाहा. कधी एकच खोकं आलेलं असतं आणि दुसऱ्याचा ट्रॅकिंग नंबर वेगळा असतो.

कुरिअरच्या मागे धावण्यात दिवस घालवू नका

कुरिअरला पैसे देऊन काम सोपवलंय ते विक्रेत्याने. त्यामुळे हरवलेल्या पार्सलची भरपाई कुरिअरकडून मागणं हे सहसा त्याचं काम, आणि तुमचा रिफंडचा दावा विक्रेत्यावर किंवा ज्या प्लॅटफॉर्मवरून घेतलं त्याच्यावर. ‘तुम्ही कुरिअरशी बोला’ असं उत्तर आलं तर ते तिथेच नाकारा. कुरिअरला एक फोन जरूर करा, पण तो माहिती काढण्यासाठी.

परदेशातून टपालाने येणाऱ्या वस्तूचंही तेच. ट्रॅकिंग नंबर दोन अक्षरं, नऊ अंक, पुन्हा दोन अक्षरं असा असेल, तर शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची असतात. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार अशा वस्तूची चौकशी, ती टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते, आणि भरपाईचा हक्क मुळात पाठवणाऱ्याचा असतो. म्हणून विक्रेत्याला तिकडे चौकशी लावायला सांगा.

नुसतं ‘मिळालं नाही’ म्हणून थांबू नका

तुम्ही म्हणता मिळालं नाही, ते म्हणतात सिस्टीममध्ये पोहोचलेलं दिसतंय. हा वाद कितीही दिवस चालू शकतो. त्यापेक्षा पोहोचल्याचा पुरावा मागा: फोटो, वेळ, नोंद झाली त्या जागेचं जीपीएस, घेणाऱ्याचं नाव किंवा सही. आणि लेखी मागा. असं काहीतरी लिहिता येईल:

‘ऑर्डर नंबर अमुक. ट्रॅकिंगवर अमुक तारखेला, अमुक वाजता डिलिव्हर्ड दिसतंय. पार्सल मला किंवा माझ्या घरातल्या कुणालाही मिळालेलं नाही. मी ओटीपी दिलेला नाही, सही केलेली नाही. डिलिव्हरीचा फोटो, जागा आणि घेणाऱ्याचं नाव पाठवा. हे देता येत नसेल तर पूर्ण रक्कम मूळ पेमेंटच्या खात्यात परत करा.’

फोटो आला की बारकाईने पाहा. दाराचा रंग, कडीची बाजू, खालची फरशी, भिंतीवरचा नंबर. मग त्याच कोनातून आपल्या दाराचा फोटो काढा आणि दोन्ही सोबत पाठवा. शंभर ओळींच्या मेलपेक्षा हे दोन फोटो जास्त काम करतात. ट्रॅकिंगचा इतिहासही उघडून त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पार्सल डिलिव्हरीसाठी निघाल्याची आणि पोहोचल्याची नोंद दोन मिनिटांच्या अंतराने असेल, तर ते लक्षात आणून द्या.

पार्सलचं वजनही तपासा. ट्रॅकिंग नंबर खरा दाखवायचा, पण त्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवायचं, असा फसवणुकीचा प्रकार चालतो. तुम्ही ड्रिल मशीन मागवलंय आणि नोंदीत वजन पन्नास ग्रॅम आहे, तर प्रश्न हरवण्याचा नाही, फसवणुकीचा आहे. अशा वेळी लेबलवरचा पत्ता तुमचा नव्हता, एवढं कुरिअरकडून लेखी मिळवा.

‘तुमची तक्रार सोडवतो’ म्हणत कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका. तो डिलिव्हरीचा असेल तर पार्सल मिळाल्याची कबुली होते, बँकेचा असेल तर खातं रिकामं होऊ शकतं.

बँकेकडे जाण्याची वेळ चुकवू नका

विक्रेता दाद देत नसेल तर कार्डाने दिलेल्या पैशांसाठी बँकेत चार्जबॅक मागता येतो, म्हणजे बँकेमार्फत ते पैसे विक्रेत्याकडून परत मागता येतात. व्हिसा कार्डांच्या नियमांत ‘माल मिळाला नाही’ हे 13.1 क्रमांकाचं स्वतंत्र कारण आहे. त्यासाठी साधारण 120 दिवस मिळतात, पण एखादी बँक आतली मुदत कमी ठेवू शकते, म्हणून ती विचारून घ्या. घाईही नको. विक्रेत्याला आधी लेखी कळवल्याचं बँक विचारते, शिवाय चार्जबॅक लागल्यावर काही प्लॅटफॉर्म आपल्याकडची तक्रार बंद करतात. आधी विक्रेता, मग प्लॅटफॉर्म, मग बँक हा क्रम ठेवा.

पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेने पैसे दिले असतील तर तक्रारीसाठी 180 दिवस असतात. मात्र तक्रार उघडल्यापासून 20 दिवसांत ती ‘क्लेम’मध्ये वर न्यावी लागते, म्हणजे पेपॅलनेच निर्णय द्यावा असं सांगावं लागतं, नाहीतर ती आपोआप बंद होते. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, म्हणून ‘आधी तक्रार बंद करा, मग पैसे देतो’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका.

रिफंड कबूल झाला की तो कुठे जमा होतोय ते पाहा. वॉलेट किंवा कूपन नको असेल तर ‘स्वीकारा’ दाबण्याआधीच सांगा, नंतर बदलून मिळणं अवघड जातं. कार्डाचा रिफंड ‘केला’ असं सांगूनही खात्यात दिसत नसेल, तर विक्रेत्याकडून एआरएन, म्हणजे त्या कार्ड व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागा. हा 23 अंकी नंबर दिला की बँक रक्कम शोधू शकते. तो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर रिफंड अजून निघालेलाच नाही असं धरून चाला आणि चार्जबॅकची मुदत किती उरली आहे ते मोजा.