पालक कारागृहात असताना मुलाचे नाते कसे जपावे: बाल संरक्षण कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

आई किंवा वडिलांना अटक होते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे लक्ष वकील आणि जामीन यांकडे लागलेले असते. त्या गडबडीत मुलाची चौकशी करणारे पहिले माणूस पुष्कळदा आपणच असतो. म्हणून पहिल्या भेटीत गुन्ह्याचा तपशील काढत बसू नये. मूल रात्री कोणाजवळ झोपते, त्याला शाळेत कोण सोडते, त्याचे काही औषध चालू आहे का आणि या महिन्याचे घरभाडे कोण भरणार आहे, हे आधी विचारावे.

मूल आजी, मावशी किंवा काकांकडे सुरक्षित असेल, तर त्याला तिथेच राहू द्यावे आणि त्या घराला आधार मिळवून द्यावा. संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय आहे, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ हाच कायदा सांगतो. सांभाळणारे कोणीच नसेल, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीसमोर (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातील समिती) हजर करावे लागते. रात्री-अपरात्री अडचण आली, तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करावा.

समितीने मागवलेला सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, लिहिताना शब्दांची फार काळजी घ्यावी. ‘पालक मुलाला भेटण्यास येत नाहीत’ असे वाक्य मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका अहवालात लिहिले होते. ती आई न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला चालू असलेली कैदी, होती आणि येऊच शकत नव्हती. असे एक वाक्य कागदावर राहिले की पुढे मुलाला टाकून दिल्याचा समज होऊ शकतो, आणि दत्तकविधानाचा विचार होईपर्यंत ही गोष्ट जाऊ शकते. म्हणून पालक कोठे आहे, त्याची इच्छा काय आहे, त्याने पाठवलेली पत्रे, केलेले फोन आणि झालेल्या मुलाखती (कारागृहातील भेटी) यांची तारखेसह नोंद ठेवावी. मुलाची शाळा बदलायची असो किंवा शस्त्रक्रिया करायची असो, आत असलेल्या आईला किंवा वडिलांना आधी विचारावे आणि त्यांचे मत अहवालात लिहावे.

सर्वांत अवघड काम मुलाला खरे सांगण्याचे असते. ‘आई गावाला गेली आहे’, ‘बाबा दुबईला कामाला गेले’ असे नातेवाईक मायेपोटीच सांगतात. पण वस्तीत आणि शाळेत बातमी आधीच पोहोचलेली असते, आणि आपल्याच माणसांनी फसवले हे मुलाला परक्याच्या तोंडून कळते. त्याहून वाईट म्हणजे, आपण हट्ट केला म्हणून आई निघून गेली, असे लहान मूल मनाशी ठरवून टाकते. म्हणून आधी आजीशी शांतपणे बोलावे आणि शक्यतो तिच्याच तोंडून, आपण शेजारी बसून, मुलाला सांगावे: ‘तुझ्या आईला पोलिसांनी नेले आहे. ती तुरुंगात आहे. तिचे काही चुकले का, हे न्यायालय ठरवील. यात तुझी काहीही चूक नाही. ती कधी येईल ते आज सांगता येत नाही, पण तिची खुशाली आम्ही तुला कळवत राहू.’ खटला चालू असताना पालकाला गुन्हेगार म्हणू नये आणि ‘लवकर सुटेल’ असे आश्वासनही देऊ नये. मूल तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, तेव्हा दर वेळी तेच उत्तर द्यावे.

येरवडा मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीसाठी जाण्यापूर्वी मुलाखतीचा दिवस, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यांविषयी खात्री करून घ्यावी. हडपसरहून मुलाला घेऊन आलेली आजी एका कागदासाठी परत गेली, तर तिची दिवसाची मजुरी बुडते आणि पुढच्या वेळी ती येण्याचे टाळते. गणवेशातले पोलीस असतील, झडती होईल, मध्ये काच किंवा जाळी असू शकेल आणि वेळ थोडाच मिळेल, हे मुलाला आदल्या दिवशीच सांगावे. काही कारागृहांत झालेल्या ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना पालकांच्या कुशीत बसता आले आहे; अशी संधी आहे का, हे कारागृह प्रशासनाला जरूर विचारावे. प्रत्यक्ष जाणे जमत नसेल, तेव्हा ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटण्याची, सोय वापरावी. भेटीनंतर काही दिवस मूल चिडचिड करते, अंथरूण ओले करते. तेवढ्यावरून भेटी बंद करू नयेत. मात्र मूल स्वतःच त्या गुन्ह्याचे बळी किंवा साक्षीदार असेल, तर समितीच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय भेट घडवू नये, आणि मूल ‘नको’ म्हणत असेल तर ते ऐकावे.

मूल आईबरोबर आतच असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार त्याला सहा वर्षांचे होईपर्यंत तिथे राहता येते. आईपासून वेगळे होण्याची तयारी सहावा वाढदिवस जवळ येण्याची वाट न पाहता निदान वर्षभर आधी सुरू करावी: ज्यांच्याकडे मूल जाणार आहे, त्या नातेवाइकांना मुलाखतीला आणावे, त्यांची ओळख होऊ द्यावी आणि निर्णयात आईला घ्यावे. कारागृहवासात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कारागृहाचे नाव येऊ नये, असेही त्याच निकालात सांगितले आहे. दाखला हाती येताच तो तपासावा.

पैशांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत बालसंगोपन योजनेचा अर्ज करावा. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचा आधार देऊन नम्रपणे सांगावे. पण मुलाचे आईवडील कोठे आहेत, हे शाळेत गरजेपेक्षा अधिक कोणालाही सांगू नये. कोठडीत असलेल्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते आणि ती सावकाराकडे जातात.

सुटकेनंतर फाइल लगेच बंद करू नये. चार वर्षांनी परतलेल्या वडिलांना सहा वर्षांचे मूल ओळखतही नसते. म्हणून पहिले काही आठवडे मूल आजीच्याच घरी राहू द्यावे, वडिलांनी रोज ठरलेल्या वेळी येऊन त्याला शाळेतून आणावे, आणि रात्री मुक्कामाला जायचे की नाही हे मुलाला विचारून ठरवावे.