बाळाची डायपरची रॅश : घरी काय करावं, आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय

एरवी शी धुताना हातपाय उडवत खिदळणारं बाळ एके दिवशी पाणी लागताच किंचाळतं. रॅशची पहिली खबर बऱ्याच घरांत अशीच लागते. आमच्याकडे ती जुलैत लागली. मोठी मुलगी आठ महिन्यांची होती, आम्ही नुकतेच ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलो होतो. गॅलरीतल्या दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस वाळेनात, म्हणून मी दिवसरात्र डायपर लावायला लागले. चौथ्या दिवशी तिचे दोन्ही कुल्ले लालबुंद झाले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत माझ्या हातून काय चुकलं आणि बालरोगतज्ज्ञांनी काय शिकवलं, ते क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. रॅश आली म्हणजे आई अस्वच्छ, असं अजिबात नाही. ही ओलीमुळे येते. धुण्याच्या दिवशी आपली बोटं पाण्यात राहून कशी पांढरी, मऊ पडतात, तशी डायपरमध्ये बाळाची कातडी होते आणि त्यावर डायपर घासत राहतो. शू आणि शी एकत्र आल्या की शीतले जंतू शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तो गुण अमोनियामुळे जातो, आणि शीतली पाचक एन्झाइम्स जास्त जोर धरतात. अन्न पचवणारी ती द्रव्यं मग कातडीवर काम करू लागतात. म्हणून शूने जड झालेल्या डायपरपेक्षा अर्धा तास राहिलेली शी जास्त नुकसान करते, आणि जुलाब लागले की एका रात्रीत कातडी सोलवटते. वरचं खाणं सुरू झाल्यावर, विशेषतः 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान, रॅशचं प्रमाण सर्वात जास्त असतं. अंगावर पिणाऱ्या बाळांना ती तुलनेने कमी होते.

पहिलं काम : उजेडात नीट बघणं

खिडकीजवळ न्या, मांड्या हळूच फाकवून जांघेच्या घड्या बघा. साधी रॅश डायपर जिथे टेकतो तिथे असते: कुल्ले, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोट. घड्यांच्या आतली कातडी बहुधा बरी असते. सावळ्या बाळांमध्ये लाली दिसतेच असं नाही. जागा गडद, जांभळट दिसते आणि हाताला गरम लागते.

घड्यांच्या आतच गडद लाल झालं असेल, कडा ठळक असतील आणि आजूबाजूला बारीक लाल ठिपके विखुरलेले असतील, तर ती बुरशी, म्हणजे कॅन्डिडा असण्याची शक्यता मोठी. बाळाला नुकतंच अँटिबायोटिक दिलेलं असेल किंवा तोंडात पुसूनही न जाणारे पांढरे डाग असतील तर आणखीच. ही नुसत्या क्रीमने जात नाही, डॉक्टरांकडेच न्यावं लागतं.

मे महिन्यात ठाण्यात दिसतं ते घामोळं वेगळं. त्याचे बारीक पुटकुळ्यांसारखे दाणे मानेवर, पाठीवर आणि डायपरच्या कमरेच्या पट्ट्याखाली येतात.

धुणं

आपल्याकडे बाळाला पाण्याने धुवायची पद्धत आहे, ती सोडू नका. वाइप्सपेक्षा ती कितीतरी चांगली. डाव्या हातावर बाळ पालथं घ्या आणि उजव्या हाताने कोमट पाणी सोडा. घरात कुणी असेल तर मगातून बारीक धार धरायला सांगा. बोटाने घासू नका, पाण्यालाच काम करू द्या. सुकून चिकटलेली शी ओरबाडण्यापेक्षा खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढा. मुलीला पुढून मागे धुवायचं. मुलाची पुढची कातडी मागे ओढायची नाही. शूच्या वेळी साबणाची गरजच नाही. शीच्या वेळी वाटलाच तर बिनवासाचा, सौम्य.

बाहेर असताना वाइप्स वापरावेच लागले तर वास आणि अल्कोहोल नसलेले घ्या. रॅश असताना मात्र बाटलीतलं पाणी आणि कापूसच बरा.

कोरडं करणं, आणि मग थोडा वेळ तसंच ठेवणं

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण याच पायरीने येतो, आणि घाईत हीच पहिल्यांदा वगळली जाते. मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. मग मेणकापडावर जाड दुपटं घालून बाळाला उघडं ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा जमलं तर उत्तम. पंखा मंद सुरू असू द्या. हेअर ड्रायर नको, कातडी भाजते.

माझ्या सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतलं. दुपारी जेवणं झाली की त्या नातीला पालथी घालून शेजारी बसायच्या. दुपटं ओलं झालं की दुसरं. मी म्हणायचे, ‘‘आई, तुमची दुपारची झोप जाते.’’ त्या म्हणायच्या, ‘‘अगं, तिला वारा लागू दे, मग मी रात्रीची नीट झोपते.’’ साध्या रॅशला बहुतेक वेळा एवढा वारा आणि पुढची पायरी पुरते.

क्रीमचा जाड थर

औषधाच्या दुकानात झिंक ऑक्साइडचं डायपर क्रीम मागा. नसेल तर साधी पेट्रोलियम जेलीही चालते. दोन्हींचं काम कातडी आणि ओल यांच्यामध्ये भिंत उभी करणं. त्यामुळे चेहऱ्याच्या क्रीमसारखं चोळून जिरवायचं नाही. गरम भाकरीवर लोणी थापतो तसं थापायचं, खालची कातडी दिसता कामा नये. पुढच्या वेळी शू झाली असेल तर हा थर खरवडून काढू नका. वरचा मळलेला भाग टिपून घ्या आणि त्यावरच नवा थर द्या. पांढरा थर पूर्ण काढायच्या नादात आपण बरी होत आलेली कातडी पुन्हा सोलतो. मी चार दिवस हेच करत होते.

रॅश नसताना खोबरेल तेल लावायला हरकत नाही. कातडी फुटलेली असेल तेव्हा त्याची भिंत पातळ पडते.

काय लावू नये

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण खरं नुकसान इथेच होतं.

पावडर नको. टाल्कम पावडर बाळाच्या श्वासातून छातीत जाते, आणि ओल्या घड्यांमध्ये तिचे गोळे होऊन घासतात. वेखंड, हळद, बेसन-साय हे सगळं लाल झालेल्या जागेपासून लांब ठेवा. मोहरीचं तेलही नको. धुरी तर बंदच करा. तिने कातडी कोरडी होत नाही आणि धूर फुप्फुसात जातो. कॅरम बोर्डची बोरिक पावडर कित्येक घरांत असते आणि ‘जंतू मरतात’ म्हणून कुणीतरी ती सुचवतं. फुटलेल्या कातडीतून बोरिक ॲसिड बाळाच्या अंगात भिनतं आणि त्याने विषबाधा होते. ती घरात बाळाच्या हाताला लागेल अशा जागीही ठेवू नका.

आणि ती ट्यूब. मी दुकानात जाऊन ‘बाळाला रॅश आलीय’ एवढंच म्हटलं आणि काउंटरवरून एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत लाली उतरली, मला हायसं वाटलं. ट्यूब थांबवली की लाली परत. असं तीनदा झालं. बालरोगतज्ज्ञांनी ट्यूब हातात घेऊन मला वाचायला लावली: त्यात जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. डायपरखाली झाकलेल्या, पातळ कातडीतून स्टेरॉइड फार जास्त शोषलं जातं. कातडी आणखी पातळ होते, बुरशी दबून राहून पुन्हा वर येते, आणि दीर्घकाळ वापरलं तर बाळाचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं मंदावतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती डायपरच्या जागी लावू नका. मोठ्यांच्या गजकर्णासाठी आणलेली ट्यूब बाळाला तर कधीच नाही. डॉक्टरांनी स्वतः बघून मोजक्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड दिलं, तर त्यांनी सांगितलं तितकेच दिवस लावा.

डॉक्टरांकडे केव्हा

वरचं सगळं नीट करूनही दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर न्या. बाळ महिन्या-दीड महिन्याचं असेल, ताप असेल, पाण्याने किंवा पूने भरलेले फोड असतील, रक्त येत असेल, किंवा रॅश डायपरच्या बाहेर पसरत असेल तर वाट बघू नका. शीच्या जागेभोवती लालभडक कडं आणि शी करताना रडणं, हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. तोंडाभोवतीही तशीच रॅश आणि सोबत जुलाब चिवटपणे टिकून असतील तर अंगात झिंकची कमतरता आहे का, ते डॉक्टर बघतात.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात मुलांचा विभाग आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. लपवू नका.

बुरशीची ट्यूब मिळाली तर आधी तिचा पातळ थर, आणि त्यावर झिंकचा जाड थर. लाली गेली म्हणून मधेच थांबवायचं नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. बाळाच्या तोंडातही बुरशी असेल आणि तुमची स्तनाग्रं दुखत असतील तर तेही सांगा. मग दोघांना उपचार लागतो. जुलाब सुरू असतील तर कातडीइतकंच ओआरएसकडे लक्ष द्या. डॉक्टर पोटातून झिंकही देतात. ते औषध वेगळं, हे क्रीम वेगळं.

पुन्हा येऊ नये म्हणून

डायपर दर दोन-तीन तासांनी बदला. शी झाली की त्याच क्षणी. डायपरमधल्या पावडरीचं जेल होऊन ती पुष्कळ शू धरून ठेवते, म्हणून वरून कोरडा वाटला तरी घड्याळ बघा. पाकिटावरच्या ‘बारा तास’ वर विसंबू नका. पट्टा लावल्यावर पोटापाशी दोन बोटं सहज जायला हवीत. मांडीवर इलॅस्टिकचे वळ उठत असतील तर पुढचा साइज घ्या. रात्री झोपवण्याआधी कोरडा डायपर आणि जाड थर. रॅश असेल तेवढ्या रात्री मध्ये एकदा उठून बदला. दिवसाचा काही वेळ तरी लंगोट असू द्या.

आता लंगोटांचं. पावसाळ्यात खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत ते वाळत नाहीत आणि अर्धवट ओला लंगोट डायपरपेक्षा बरा नसतो. शी काढून, भिजवून, साध्या पावडरीत धुवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून खळबळा. आमच्या सोसायटीत टँकर यायचा. अशा जड पाण्यात फेस होत नाही, म्हणून आपण पावडर वाढवतो, आणि ती कापडात राहून कातडीला टोचते. पावडर कमी करा, पाणी वाढवा. वासाचं सॉफ्टनर नको, बादलीत जंतुनाशकाचं झाकणही नको. घरात दोरी बांधून पंख्याखाली वाळवा आणि शेवटची ओल इस्त्रीने काढा. सासूबाई गरम इस्त्री फिरवून लंगोट गालाला लावून बघायच्या. गालाला थंड लागला तर ओल आहे. मी अजून तसंच बघते. जांभळी नाक्यावरून मलमलीचं कापड आणून आम्ही वीस लंगोट घरीच शिवले, कारण पावसात दहा पुरत नाहीत.

प्रवासाचं वेगळं बघावं लागतं. घोडबंदर रोडला तासभर गाडी अडली की बाळ ओल्यात बसून राहतं. निघायच्या आधी पाच मिनिटं डायपर बदला, जाड थर द्या. पिशवीत दोन डायपर, कापूस, पाण्याची छोटी बाटली, ट्यूब, एक दुपटं आणि वापरलेल्या डायपरसाठी पिशवी ठेवा.

बाळ पाळणाघरात जात असेल तर तुमचंच क्रीम तिथे द्या आणि नुसतं तोंडी सांगू नका. धाकट्याच्या वेळी मी पाळणाघरातल्या ताईंना एक कागद लिहून दिला होता: शी झाली की लगेच, नाहीतर दर तीन तासांनी, पाण्याने धुणं, टिपणं, पांढरं क्रीम जाड, पावडर नाही. खाली बदललेली वेळ लिहायला रेघा आखल्या होत्या. संध्याकाळी ठाणे स्टेशनवरून धावतपळत पोचले की आधी तो कागद बघायचे. पहिल्या आठवड्यात रेघा रिकाम्या असायच्या. मी रोज शांतपणे विचारत राहिले, आणि मग ताई स्वतःच पेन्सिल कागदाला बांधून ठेवायला लागल्या.