हैदराबादची सहल: रेल्वे की विमान? या चुका टाळा

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरांत रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला या मनोरंजन पार्कचा विषय निघतो. मुलं केव्हाच तयार असतात, घोडं अडतं ते जायचं कसं यावर. मोबाईल सांगतो, मुंबईहून विमान दीड तास आणि हुसेनसागर एक्सप्रेस चौदा तासांच्या आसपास. मग एक जण वेळ बघतो, दुसरा भाडं बघतो आणि तिकीट निघतं. पुढचे बहुतेक घोळ इथेच सुरू होतात. घराच्या दारापासून पार्कच्या फाटकापर्यंत एकूण किती वेळ जाणार, आणि तिथे पोचल्यावर घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणूस कोणत्या अवस्थेत असणार, हे मोबाईलवर कुठेच दिसत नाही. माझ्या मते निर्णय याच दोन गोष्टींवर व्हायला हवा.

पार्क कुठे आहे हे न बघता तिकीट काढणं

हैदराबादची ही दोन ठिकाणं शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. वंडरला रविर्यालला, आउटर रिंग रोडला लागून. शमशाबादचा विमानतळही त्याच बाजूला, त्यामुळे विमानातून उतरून शहरात न शिरता थेट तिथे जाता येतं. रामोजी फिल्म सिटी मात्र विजयवाडा महामार्गावर, शहरापासून तीसेक किलोमीटर पूर्वेला. विमानतळावरून तिथे जायचं तर रिंग रोडने बराच मोठा वळसा पडतो, आणि टॅक्सीचं भाडं त्याच हिशेबाने वाढतं.

रेल्वेने आलात तर चित्र उलटं होतं. नामपल्ली म्हणजे हैदराबाद डेक्कन स्टेशनच्या दारातच मेट्रो आहे. तिथून एल. बी. नगरपर्यंत गाडी न बदलता थेट जाता येतं, आणि एल. बी. नगरहून विजयवाडा महामार्ग धरला की पुढे रामोजी. शहरातली गर्दी जमिनीवर राहते, तुम्ही वरून निघून जाता. वंडरलासाठी मात्र स्टेशनवरून अख्खं शहर ओलांडावं लागतं.

म्हणून फक्त वंडरला करायचं असेल तर विमानाचं पारडं जड, फक्त रामोजी असेल तर रेल्वेचं. दोन्ही करायचं असेल तर वंडरला शेवटच्या दिवशी ठेवा. हा क्रम इतका सोयीचा आहे, तरी बरेच जण उलटा लावतात, कारण मुलांना पाण्यात खेळायची घाई असते.

तिकिटावरचं स्टेशनही नीट वाचा. नामपल्ली, सिकंदराबाद, काचीगुडा, लिंगमपल्ली, बेगमपेट आणि आता चर्लापल्ली, इतकी स्टेशनं एकाच शहरात आहेत. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या लिंगमपल्ली आणि बेगमपेटला थांबतात. हॉटेल हायटेक सिटी किंवा गच्चीबावलीच्या बाजूला असेल तर लिंगमपल्लीलाच उतरा. शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन तोच रस्ता टॅक्सीने उलटा कापण्यात अर्थ नाही.

विमानाचा दीड तास दीड तासच धरणं

डोंबिवलीचं घर धरू. सकाळी आठचं विमान. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं म्हणजे सहा वाजता, म्हणजे घरून पहाटे साडेचारला निघणं आलं. मुलांना चारला उठवायचं, आईला त्याआधी. साडेनऊला शमशाबादला उतरलात, बॅगा पट्ट्यावर येईपर्यंत दहा वाजून गेले. तिथून वंडरला गाठायला अकरा. घर सोडल्यापासून साडेसहा तास झाले.

दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर हे छान जमतं, पार्कचा पूर्ण दिवस हाती लागतो. तीन वर्षांचं पोर असेल तर दुपारी दोनला ते खांद्यावर झोपलेलं असणार आणि आई-बाबांपैकी एक जण बाकावर बसून असणार. अशा वेळी सकाळच्या विमानाचा हट्ट सोडा. दुपारच्या विमानाने जा, रात्री शांत झोपा आणि पार्क दुसऱ्या दिवशी करा.

मुंबईकरांनी आणखी एक काळजी घ्यायची: विमान कुठून सुटणार ते तिकिटावर तपासा. टर्मिनल एक आणि टर्मिनल दोनचे रस्ते वेगळे आहेत, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. पनवेल-खारघरच्या लोकांना तो सोयीचा, बोरिवलीकरांना तितकाच लांब. स्वस्त दिसलं म्हणून घेतलेल्या तिकिटाचा फायदा टॅक्सीतच संपू शकतो.

रात्रीच्या गाडीने एक दिवस वाचतो असं समजणं

रात्री गाडीत झोपायचं, सकाळी उतरून थेट पार्कात, हॉटेलचा एक दिवस वाचला. कागदावर फार गोड वाटतं. पण हुसेनसागर मुंबईहून रात्री निघून हैदराबादला दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास पोचते. रामोजीची सहल सकाळी सुरू होते आणि तिला अख्खा दिवस कमी पडतो. सेट दाखवणाऱ्या बसफेऱ्या, कार्यक्रम, मुलांचे खेळ हे सगळं दुपारी दोनला आत शिरून होत नाही, आणि तिकीट मात्र पूर्ण दिवसाचंच. मे महिन्यात त्यात चाळिशीचं ऊन.

गाडीने जायचं तर पोचण्याचा दिवस पार्कात धरूच नका. आंघोळ, जेवण, थोडी झोप, संध्याकाळी चारमिनार किंवा हुसेनसागर तलावाचा काठ. परतीची वेळही आधीच बघा. हुसेनसागर हैदराबादहून दुपारीच सुटते, म्हणजे त्या दिवशीही पार्क होत नाही. दोन दिवसांच्या पार्कसाठी चार-पाच दिवसांची रजा लागते. ती असेल तर गाडीइतकं सुख नाही: मुलांना खिडकी आणि वरचा बर्थ, मोठ्यांना गप्पा, डब्यात घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. रजा नसेल तर ओढून-ताणून गाडी बसवू नका.

सगळ्यांची तिकिटं एकाच हिशेबाने धरणं

सहा जणांचं घर घ्या: आई, बाबा, आजी, आजोबा, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा.

विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि त्याचं नाममात्र भाडं पडतं. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट आणि जवळपास मोठ्यांइतकंच भाडं. म्हणजे इथे सहा तिकिटं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, बर्थ नको असेल तर अर्धं. म्हणजे मुलीला बर्थ घेऊन पाच तिकिटं. चौदा तासांच्या प्रवासात आठ वर्षांच्या मुलीचा बर्थ वाचवू नका, रात्रभर आईच्या कुशीत दोघींचीही झोप होत नाही. शताब्दी आणि वंदे भारतच्या चेअरकारमध्ये हा अर्ध्या तिकिटाचा पर्याय मिळत नाही, तिथे पूर्ण सीटच घ्यावी लागते.

आता आजी-आजोबा. रेल्वेच्या एका तिकिटावर सहा जण बसतात म्हणून सगळं कुटुंब एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच तिकीट क्रमांकावर, टाकलं जातं, आणि आजोबांना वरचा बर्थ येतो. कारण असं की ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि ते दोघंही ज्येष्ठांच्या अटीत बसत असतील तरच लागू होतो. पुरुषांसाठी ६० वर्षं, स्त्रियांसाठी ४५. नातवंडांची नावं सोबत घातली की कोटा गेला. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा, बुकिंग करताना हा कोटा निवडा आणि त्याच बसण्यात बाकीच्यांचं दुसरं तिकीट काढा. डबे वेगळे आलेच तर सहप्रवाशांशी किंवा टीसीशी बोलून अदलाबदल करता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्रीतून दोनदा वरून उतरायला लावण्यापेक्षा ते बरं. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

वेटिंगवर भरवसा

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं आणि अजून अनेकांच्या डोक्यात चार महिन्यांचाच हिशेब असतो. १५ मेला निघायचं असेल तर १६ मार्चला सकाळी आठला बसावं लागेल. सुट्टीच्या गाड्या बघता बघता भरतात.

वेटिंग आलं तर एक तारीख ठरवून ठेवा. माझा सल्ला प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीची. तोवर नंबर सरकला नसेल तर विमान बघा किंवा तारीख बदला. शेवटच्या आठवड्यापर्यंत आशेवर राहिलात तर विमानाचं भाडं आभाळाला भिडलेलं असतं. ऑनलाइन काढलेलं पूर्ण वेटिंगचं तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावर आपोआप रद्द होतं. थोडी कपात होऊन पैसे परत येतात, पण ते घेऊन गाडीत चढता येत नाही. तत्काळवर सहा जणांची सहल बेतू नका. एका तिकिटावर चारच जण, त्यामुळे दोन तिकिटं लागणार, त्यातलं एक मिळून दुसरं हुकलं तर काय करणार? शिवाय कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे बुडाले.

विमान-रेल्वे एवढाच विचार करून गावाचा विचार न करणं

नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर इथल्या लोकांनी विमानाचा विचारच करू नये. देवगिरी एक्सप्रेस याच मार्गाने सिकंदराबादला जाते. सोलापूरकरांना मुंबई-पुण्याच्या गाड्या वाटेतच मिळतात. नागपूरहून सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादसाठी वंदे भारत आहे, पहाटे निघून दुपारी पोचवते आणि दिवसाउजेडी मुलांना बाहेरचं दिसतं. पुण्याहून शताब्दीचा पर्याय आहे, पण आठ-साडेआठ तास बसून काढावे लागतात. कंबरेचं दुखणं असलेल्या माणसाला त्यापेक्षा रात्रीचा बर्थ परवडतो.

सामानाचा शेवटच्या दिवशीचा घोळ

शेवटचा दिवस वंडरलाचा, रात्रीचं विमान, हॉटेल सकाळीच सोडलेलं. बॅगा कुठे? पार्कातले लॉकर हातातल्या पिशव्यांपुरते धरा, चार मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका. शेवटची रात्र शमशाबादच्या बाजूला काढली तर हॉटेलवाले बॅगा ठेवून घेतात, फक्त खोली घेतानाच विचारून ठेवा. रेल्वेने परतणार असाल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात, पण बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. दोन छोटी कुलपं सोबत असू द्या.

पाण्याच्या खेळांना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, आणि संध्याकाळी ते ओलेच असतात. देशांतर्गत विमानात साधारणपणे माणशी १५ किलो सामान आणि सात किलोची हातातली बॅग. ओले कपडे, टॉवेल आणि खरेदी मिळून वजन वाढतं आणि काउंटरवर जास्तीचे पैसे मोजावे लागतात. कपडे घट्ट पिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. नाहीतर ती काढण्यासाठी बॅग पुन्हा उघडायची वेळ येते.

विमान रात्री साडेनऊच्या आधीचं घेऊ नका. पार्क संध्याकाळी सुटतं, त्यानंतर कपडे बदलणं, बॅगा गोळा करणं, मुलांचं खाणं. विमान उतरताना लहान मुलाचे कान दुखतात, तेव्हा पाण्याचे घोट द्या किंवा बाळाला दूध पाजा.

ऐनवेळी बिघडलं तर

गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. गाडी निघून गेल्यावर भरलेल्याचा उपयोग नाही. विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल तर कंपनीने पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा असतो. मुंबई-हैदराबादसारख्या छोट्या अंतरात दोन तासांच्या पुढे उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोयही तिने करायची. काउंटरवर जाऊन स्पष्ट मागा, मुलं सोबत असताना संकोच करू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी पार्कची तिकिटं पोचण्याच्या दुसऱ्याच दिवसाची काढू नयेत. खंडाळ्याच्या घाटात दरड आली की गाड्या अडकतात, मुंबईत जोराचा पाऊस झाला की विमानं लांबतात. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. सगळं वेळेवर झालं तर त्या दिवशी गोवळकोंडा किंवा सालारजंग संग्रहालय बघून होईल. फक्त तो शुक्रवार नाही ना, ते बघा, कारण शुक्रवारी संग्रहालय बंद असतं.